रघुतात्यांचं पथ्य

लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन वाढपी आपल्या पानापर्यंत पोचला, आपण तोंडाने "नको नको" म्हणत पान हळूच पुढे सरकवलं, आणि नेमका त्याच वेळी कुठून तरी "टण" असा आवाज आला, तर समजावं की पंगतीत रघुतात्या आहेत. हातातल्या नाण्याने ते स्टीलच्या पेल्यावर ठोका मारतात. एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे जाऊ द्या. जिलबीच्या नशिबी दोन ठोके आलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. कोशिंबिरीला मात्र हमखास येतात, आणि कोशिंबीर कुणालाच नको असते.

रघुतात्या एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. खाकी गेली, तिकिटांची पेटी गेली, पण घंटीची दोरी काही त्यांच्या हातातून सुटली नाही. मालवणात आमच्या कुंपणाच्या पलीकडे त्यांचं घर. बायको मागेच गेली, मुलगा मुंबईला. मग हा माणूस दिवसभर करणार काय, तर अख्ख्या वाडीच्या पोटात कोण चढतं आणि कोण उतरतं यावर लक्ष ठेवणार. मी हायस्कुलात गणित शिकवते. दिवसभर मी पोरांच्या चुका काढते, संध्याकाळी घरी आले की तात्या माझ्या काढतात.

पोट ही तात्यांच्या लेखी एसटीची गाडी. मी दुसऱ्यांदा भात घेतला की ते कुंपणापलीकडून सांगणार, "गाडी फुल्ल झाली गो, वैशाली. मागसून दुसरी येता, तिका चढ." मागून येणारी म्हणजे रात्रीचं जेवण. चहातली साखर हा बिनतिकिटाचा पॅसेंजर. "चढताना गोड बोलता. पण उतारता खंय, ता इचार. किडनीक उतारता आणि थंयसरच वस्ती करता." हृदयाच्या शिरा म्हणजे घाट. मी वडे तळायला तेल तापवलं की वासावर येऊन दारात उभे. "घाट एकदा जाम झालो मगे बोंब मारलंस तरी गाडी हलाची नाय." अशाने घास गिळायचा कसा माणसाने? पण तात्यांना वाईट बोलवत नाही, कारण बोलून झाल्यावर ते परसातली पालेभाजीची जुडी ओट्यावर ठेवून जातात.

मासळीबाजारात त्यांना वाळीत टाकायचं तेवढं बाकी आहे. स्वतःच्या हातात पिशवी नाही, घ्यायचं काही नाही, पण पाटीशेजारी उभे राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला उपदेश करणार. बांगडा बरा, तारली बरी, पण कढीत, तळायची नाही. सुक्या मासळीकडे कुणाचा हात गेला की संपलं. "ह्या मीठ आसा, तेका वायच मासो लागलो आसा." एकदा एक मासेवाली त्यांना म्हणाली, "तात्यानू, घेवचा नसात तर फुडे सरा. ह्या बांगड्यांचो जीव गेलो तो गेलो, आता तुमी माझो घेव नकात." तात्या पुढे सरले, ते दुसऱ्या पाटीपाशी.

मुलाने मुंबईहून मोबाईल पाठवला आणि वाडीचे दिवस फिरले. रोज सकाळी कुणीतरी पांढरा कोट घातलेला माणूस त्यात येऊन तात्यांच्या कानात काहीतरी सांगायचा. एका आठवड्यात शेवग्याचा पाला सगळ्या रोगांवर निघाला, तर आमच्या शेवग्याला पान म्हणून उरलं नाही. मग भेंडीचं पाणी, मग कारल्याचा रस, मग जांभळाच्या बियांची पूड. पावसाच्या तोंडावर खोबरेल तेल हे विष ठरलं. मालवणात राहून खोबरेलाला विष म्हणणाऱ्या माणसाला कुणी हात लावला नाही, यावरून आमची माणसं किती सोशिक आहेत ते कळावं. पावसाळा संपता संपता तेच खोबरेल अमृत ठरलं, तेव्हा तात्यांनी जराही न लाजता घरोघर जाऊन सांगितलं, "कालचा इसरा. रूट बदललो."

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. मी माझं बीपी तपासायला गेले होते, म्हणून ऐकलं. त्या म्हणाल्या, "तात्या, एकटा नारळ कुणाला मारत नाही आणि एकटं कारलं कुणाला तारत नाही. वर्षानुवर्षं रोजच्या ताटात काय येतं ते बघायचं. भाजी किती, डाळ किती, मीठ-साखर किती, तळलेलं किती वेळा, आणि जेवून माणूस हलतो की नाही. एवढंच आहे." तात्यांचा चेहरा पडला. चेकिंगला गाडीत चढावं आणि झाडून सगळ्यांकडे तिकीट निघावं, तसं त्यांना झालं. चोर सापडल्याशिवाय त्यांना करमत नाही.

पण बाईंच्या बोलण्यातलं त्यांनी एक उचललं. रोजचं ताट. झालं, जुन्या लोकांचं ताट परत आणायचं असं त्यांनी ठरवलं आणि माझ्या भावाच्या देवबागच्या होमस्टेवर जाऊन पाहुण्यांना भाषण दिलं. आमचा आजा उकड्या तांदळाची पेज प्यायचा, दिवसभर शेतात राबायचा, चार मैल चालत बाजाराला जायचा. पुण्याची मंडळी गहिवरली. त्यांनी काशाच्या वाटीतल्या पेजेचे फोटो काढले, तीन-तीन वाट्या प्याली आणि खाटेवर जाऊन झोपली. चार मैलांचं नाव कुणी काढलं नाही. भावाने लगेच दारावर पाटी लावली, "आजीची पेज". तात्या खूश होऊन सैपाकघरात गेले, तर भावाची दोन्ही पोरं लाल सॉस ओतून पुड्यातल्या शेवया ओरपत बसलेली. तात्या बराच वेळ दारात उभे राहिले. मग मला म्हणाले, "बघितलंस? पेज पुण्याक गेली आणि पुडो देवबागेत इलो."

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला उद्योग नाही. तसं नाही हो. आम्ही सगळे तात्यांचे वरकड पॅसेंजर. खरा पॅसेंजर एकच, बाबलकाका.

बाबलकाका एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचं घर तात्यांच्या मागच्या अंगाला. दोघांनी मिळून वर्षानुवर्षं मालवण-कोल्हापूर गाडी केली. आता ज्या हॉटेलावर एसटी थांबते त्या हॉटेलात ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण फुकट, ही रीत तुम्हाला माहीत असेल. गाडी कुठल्या हॉटेलावर थांबवायची ते तात्या ठरवायचे, आणि ठरवताना बाबलकाकांची जीभ बघायचे. घाटाखाली भजी, घाटावर मिसळ, परतताना वडा-उसळ आणि प्रत्येक थांब्याला पाकासारखा चहा. त्यावर बाबलकाका पुढे तासन् तास स्टिअरिंगवर बसून. त्यांना आधी साखर लागली, मग बीपी, आणि मग किडन्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून दर आठवड्याला त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर जावं लागायचं, आणि दर खेपेला शेजारच्या सीटवर तात्या असायचे.

"तेच्या पोटात जा काय गेला, ता माझ्या हातान गेला गो," तात्या मला एकदा सरळ म्हणाले होते. "'मालक, आमच्या डायवराक एक पलेट आणखी,' ह्या मीच सांगी. आता तो जगाक व्हयो. दुसरा माका काय नको."

तेव्हा ही सगळी ठोकाठोकी कशासाठी, ते वाडीला ठाऊक होतं. म्हणून तर आम्ही सहन केली.

खरी पंचाईत झाली ती बाबलकाकांच्या बायकोची, सुलूकाकीची. मीठ जवळजवळ बंद, नारळ बंद, पाणीसुद्धा मोजून. आता मालवणी बाईला नारळाशिवाय सैपाक कर म्हणून सांगणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. तिचा हातच वळेना. डॉक्टरांसमोर मान डोलवायची आणि घरी आली की वाटण लावायची. तात्यांनी विचारलं तर म्हणायची, "खोबरा खंय घातलंय? निसतो रस काढून घातलंय." शेवटी तात्यांनी बाबलकाकांचं जेवण स्वतःच्या चुलीवर घेतलं. भाजी उकळून पाणी ओतून टाकायचं, मग फोडणी. मीठ चिमटीच्या टोकाएवढं. आणि एकट्यापुरतं वेगळं कुठे करा म्हणून स्वतःही तेच जेवायचं. तात्यांची साखर, बीपी, सगळं तरण्या पोराला लाजवील असं आहे. तरी हा माणूस कितीतरी दिवस बिनमिठाचं जेवत होता, आणि वर तोंड करून सांगायचा की त्याला आवडतं.

बाबलकाकांना आवडत नव्हतं. "जेलात पण मीठ देतत गो," ते मला म्हणायचे.

एका दुपारी तात्या डोळे तपासायला कुडाळला जायला निघाले. तासाभरात बाबलकाका आमच्या मागच्या दाराशी हजर, शर्टाखाली कागदात गुंडाळलेला एक सुका बांगडा. "वायच निखाऱ्यार धर गो, वैशाली. सुलूकडे भाजूक दिलंय तर ती रडत बसतली." मी नाही म्हटलं. चांगलं तीनदा म्हटलं. मग ते पायरीवर बसले आणि त्या बांगड्याकडे बघत राहिले. अहो, मी पण माणूस आहे. म्हटलं, शेपटीकडचा तुकडा देऊ. भाजला. पण सुका बांगडा भाजल्याचा वास कुठल्या दाराचं ऐकतो? तात्यांची गाडी नेमकी चुकली होती, ते स्टँडवरूनच परत आले आणि कुंपणाच्या फटीतून थेट आमच्या परसात.

"कोणाच्या घराक आग लागली म्हणान बघूक इलंय," ते म्हणाले.

बाबलकाकांचा हात पाठीमागे. मी चुलीकडे तोंड केलं. तात्यांनी हात पुढे केला, बांगडा घेतला आणि आमच्या मांजरीपुढे ठेवला. मग दोन्ही म्हातारे पायरीवर बसून त्या मांजरीचं जेवण बघत राहिले. बाबलकाका बांगड्यासाठी हळहळत होते ते कळत होतंच, पण मी शपथेवर सांगते, तात्याही बांगड्यासाठीच हळहळत होते.

गेल्या हिवाळ्यात बाबलकाकांचं जास्त झालं. पाय सुजले, धाप लागायला लागली, मशीन सोसेना. काही दिवस दवाखान्यात ठेवलं. घरी सोडायच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले होते. मोठ्या डॉक्टरांनी सुलूकाकीला, तात्यांना आणि मला बाजूला बोलावलं. कागद चाळत, आमच्याकडे न बघता ते म्हणाले, "मशीन आता त्यांना झेपणार नाही. घरी न्या, आनंदात ठेवा. पथ्याचं फार मनावर घेऊ नका. त्यांना जे आवडतं ते खाऊ द्या."

सुलूकाकीने दोन्ही हात जोडले. तिच्या आयुष्यात पथ्य सुटलं ते बाळंतपणानंतर, काविळीनंतर, पोराच्या टायफॉईडनंतर. पथ्य सुटलं म्हणजे माणूस उठला, एवढंच तिला ठाऊक. तिने आधी बाबलकाकांना सांगितलं, मग आयाला, मग रिक्षावाल्याला, आणि वाडीत पोचेपर्यंत वाटेत भेटेल त्याला. "पथ्य सुटला हो. मशीन पण नको म्हणालो डॉक्टर." मी तात्यांकडे बघितलं. ते औषधांच्या पिशवीला गाठ मारत होते आणि गाठ बसत नव्हती. तिला खरं सांगायला तोंड कुणाला होतं?

दुसऱ्या दिवशी सुलूकाकीने जेवण घातलं. सकाळी तात्या स्वतः बाजारात गेले, सुरमई घेतली, कुणाला उपदेश केला नाही की कुणाच्या पाटीत डोकावले नाहीत. मासेवालीने आपण होऊन विचारलं म्हणे, "तात्यानू, बरा आसा मां तुमका?"

बाबलकाका भिंतीला टेकून खाटेवर बसले होते. शर्टात माणूस शोधावा लागत होता. सुलूकाकीने समोर स्टूल ठेवून त्यावर ताट मांडलं. भात, सुरमईची लालभडक कढी, चार तळलेल्या तुकड्या, वडे, सोलकढी. किती दिवसांनी तिच्या घरात वाटणाचा वास सुटला होता, आणि तिच्या तोंडावर नुसतं हसू. बाबलकाकांनी भाताला हात लावला. मग त्यांनी समोर बघितलं. तात्या खाली मान घालून बसले होते.

"रघ्या," बाबलकाका म्हणाले, "ह्येच्यात मीठ आसा."

"आसांदे. खा."

"खोबरा पण आसा."

"आसा तर आसा. खा तू."

बाबलकाकांचा हात भातातच राहिला. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला, माझ्या डोळ्यांदेखत.

"आज आरडूक नाय तू?" ते अगदी हळू म्हणाले. "रघ्या, डॉक्टर काय म्हणालो?"

सुलूकाकीची पळी हातात तशीच थांबली. मला वाटलं, आता संपलं सगळं. आणि तात्यांनी मान वर केली.

"डॉक्टर काय म्हणतलो? काल जन्माक इल्लो पोरगो तो. तेका काय कळता?" तात्या उठलेच. "आणि सुलू, ह्या काय वाढलंस गो? पथ्य सुटला म्हणान आख्खो बाजार घालतलंस तेच्या पोटात? चव बघितलंस? मिठाचो डबो उपडो केलंस काय?" त्यांनी स्टुलावरचं ताट ओढलं. वडे गेले. कढीची वाटी गेली. भात निम्मा गेला. सोलकढी त्यांनी स्वतःच्या मागे नेऊन ठेवली. तुकड्या एकेक करून परत भांड्यात. एक तेवढी राहिली, मधली, सगळ्यांत जाड. तिचा काटा त्यांनी आपल्या हाताने काढला, बोटांनी दोनदा चाचपून बघितलं आणि ताट पुन्हा पुढे सारलं. "ह्यी एक खा. आणि हावरटासारखो गिळा नको."

"दोन खातलंय," बाबलकाका म्हणाले.

"एक."

"मेल्या, मी आजारी आसंय."

"म्हणानच एक."

बाबलकाकांच्या तोंडावर रंग परत आला. ते तात्यांना बापजाद्यांसकट शिव्या देत, एकेक कण चाखत, ती तुकडी जेवले. तेवढ्यानेही दमले, पण तुकडी संपवली. सुलूकाकी मात्र भडकली. इतक्या दिवसांनी नवऱ्याला चांगलंचुंगलं करायला गेले तर हा बाबा आडवा येतो, म्हणून ती भांडी आपटत आत गेली.

तात्या हात धुवायला मागच्या पडवीत गेले ते आलेच नाहीत. मी तांब्या घेऊन मागे गेले. ते खांबाला धरून रडत होते.

"तेका सगळा खावक घालूचा होता गो माका," ते म्हणाले. "सकाळी ठरवनच इल्लंय, आज गप रवाचा. पण मी गप रवलंय आणि तो भियालो. बघितलंस मां? मी आरडतंय तवसर तेका वाटता, आपण बरो होतलंय."

मीही रडले. त्यात लाजायचं काय? तात्यांच्या हातावर पाणी घालताना तांब्यातलं अर्धं माझ्याच पायावर सांडलं.

आतून बाबलकाकांनी हाक मारली. आवाज बारीक झाला होता, पण पडवीपर्यंत आला.

"रघ्या, उद्या काय देतलंस माका?"

तात्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले, घसा खाकरला.

"दुधी."

"आणि परवा?"

तात्यांनी पंचा पुन्हा डोळ्यांना लावला.

"परवा पण दुधी," मग ते मोठ्याने ओरडले. "म्हयनोभर दुधीच गिळतलंस तू."

आतून बाबलकाकांनी एक लांबलचक शिवी हासडली. तात्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, तोंडावर पाणी मारलं आणि भांडायला आत गेले.